‘द वेअर’: भुतांच्या आडून बोललेलं एकटेपण

पाच माणसं एका बारमध्ये जमतात, गोष्टी सांगतात आणि आपापल्या घरी जातात. कॉनर मॅकफर्सन या आयरिश नाटककाराच्या ‘द वेअर’चं कथानक एवढंच. खून नाही, कुणाचं कुणाशी जुळत नाही, भांडणही दोन वाक्यांत विझतं. मध्यंतर नाही, प्रवेश बदलत नाहीत. दीड-पावणेदोन तास तोच बार आणि तीच वाऱ्याची रात्र. जुलै १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरनं हे नाटक पहिल्यांदा केलं, तेव्हा लेखकाला अजून सव्वीस वर्षं पूर्ण व्हायची होती. दिग्दर्शक होता इयन रिक्सन. छोट्या रंगमंचावर सुरू झालेलं हे नाटक मोठ्या थिएटरात गेलं, त्याला ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार मिळाला आणि १९९९ मध्ये ते ब्रॉडवेवर पोचलं. २०२५ मध्ये मॅकफर्सननं स्वतः ते पुन्हा बसवलं, आधी डब्लिनला, मग लंडनला. त्यात जॅक या पात्राची भूमिका अभिनेता ब्रेंडन ग्लीसननं केली.

वाचायला घेतलं तर पहिली वीस पानं संपेपर्यंत बऱ्याच जणांना वाटतं, हे नक्की चाललंय काय? कोण काय पिणार, घोडा कुठला लागणार, वारा किती सुटलाय. हे नाटक काम कसं करतं, तेच या लेखात उलगडायचं आहे. शेवट आणि मधल्या गोष्टी सांगितल्याशिवाय ते जमणार नाही. ज्यांना आधी नाटकच वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं.

आधी जागा. मॅकफर्सननं ठिकाण दिलंय ते आयर्लंडच्या वायव्येकडचं, लीट्रिम किंवा स्लायगोचा ग्रामीण भाग. बार ब्रेंडनचा. तो तिशीतला आहे, शेतही आहे. पडदा उघडतो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला जॅक आत येतो. जवळच त्याचं गॅरेज आहे. काउंटरवर कुणी नसतं. तो नळाखाली ग्लास धरतो, गिनेस बिअरचा नळ बंद पडलेला. मग स्वतःच शेल्फवरून बाटली काढतो, उघडतो आणि पैसे गल्ल्यात टाकतो. एक शब्द न बोलता एवढं कळतं की हा माणूस इथं रोज येतो आणि मालकाला त्याचं काही वाटत नाही. हे दुकान कमी आणि ओसरी जास्त आहे.

मग जिम येतो. चाळिशीतला, मिळेल ते काम करणारा, म्हाताऱ्या आजारी आईबरोबर राहणारा. थोडं बोलणं होतं आणि खरी बातमी बाहेर पडते. फिनबार आज एका बाईला घेऊन येणार आहे! फिनबार इथलाच, पण आता कॅरिकला त्याचं हॉटेल आहे, घरं-जमिनींचे व्यवहार आहेत. चौघांत लग्न झालेला तेवढाच. डब्लिनहून आलेल्या व्हॅलरी नावाच्या बाईला त्यानं गावातलं एक जुनं घर भाड्यानं दिलंय आणि तिला तो ‘गाव दाखवतोय’. जॅकचा जळफळाट बघण्यासारखा असतो. लग्न झालेल्या माणसानं हे असलं करावं का, यावर तो बराच वेळ बोलतो. पण या तिघांनीही आज केस जरा नीट विंचरलेत की काय, असं प्रेक्षकाला वाटत राहतं.

व्हॅलरी येते आणि व्हाइट वाइन मागते. बारमध्ये वाइन नाही! ब्रेंडन घरात जाऊन कधीतरी भेट आलेली बाटली शोधून आणतो. पुढं तिला बाथरूमला जायचं असतं, तर बायकांचं टॉयलेट बंद पडलेलं. ब्रेंडनला तिला बारला लागून असलेल्या स्वतःच्या घरात न्यावं लागतं. प्रेक्षक दोन्ही वेळा हसतात. माझ्या मते नाटकातले हे दोन सगळ्यात चलाख तपशील आहेत. ‘इथं बायका येत नाहीत’ असं कुणी म्हणत नाही, कुणी उसासा टाकत नाही. वाइन नाही आणि टॉयलेट दुरुस्त करायची गरज कुणाला पडलेली नाही, बस्स.

गाव इतकं पुरुषांचं आणि इतकं रिकामं का, यामागं खरा इतिहास आहे. १८४१ च्या जनगणनेत लीट्रिम परगण्यात सुमारे दीड लाख लोक होते. नंतरच्या दशकात बटाट्याच्या रोगानं मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली आणि लीट्रिमची ओहोटी पुढं दीडशे वर्षं चालली. हे नाटक लिहिलं गेलं त्या सुमाराला, १९९६ मध्ये, तिथं पंचवीस हजारांच्या आसपास लोक उरले होते. दुष्काळानंतर जमिनीचे तुकडे करणं थांबलं. शेत एकाच मुलाला मिळायचं आणि तेही बाप हात सोडेल तेव्हा. तोवर त्या मुलाचं लग्नाचं वय उलटून जायचं. बहिणींना जमीन नाही, गावात काम नाही, म्हणून त्या डब्लिनला, लंडनला, अमेरिकेला निघून गेल्या. शेत सांभाळत एकटा म्हातारा होणारा पुरुष हे आयरिश खेड्यातलं नेहमीचं चित्र झालं. नाटकात ब्रेंडनच्या बहिणी वरचं शेत विकून टाक म्हणून त्याच्यामागं लागलेल्या आहेत आणि तो टाळतोय. जॅकचं लग्न झालेलं नाही, जिमचंही नाही. हे सारं पात्रांच्या तोंडी भाषण होऊन येत नाही. आयरिश प्रेक्षकाला ते ठाऊकच असतं.

मॅकफर्सन स्वतः डब्लिनचा. त्याचे आजोबा लीट्रिममध्ये, शॅनन नदीच्या काठी एका लहान घरात एकटे राहायचे. तो त्यांना भेटायला जायचा, शेकोटीजवळ बसून गोष्टी ऐकायचा. रेडिओ चालू ठेवणं फार महत्त्वाचं असतं, कारण त्यानं कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं, असं आजोबांनी त्याला एकदा सांगितलं होतं. नाटक बहुधा त्या भेटींतून आलं, असं त्यानं छापील संहितेच्या शेवटी लिहून ठेवलंय.

गोष्टी

आता नाटकाचा कणा. एकूण पाच गोष्टी सांगितल्या जातात. पहिल्या चार भुताटकीच्या, पाचवीत भूत नाही. माझं म्हणणं असं की नाटक समजायला एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: प्रत्येक नव्या गोष्टीत सांगणारा स्वतःच्या अधिक जवळ येत जातो आणि भूत तेवढं मागं सरकतं.

पहिली गोष्ट जॅकची, आणि ती त्याची स्वतःची नाहीच. फार वर्षांपूर्वी एका घरात रात्री दारावर थापा पडायच्या. दारावर, पण खूप खाली, मोठ्या माणसाचा हात पडेल त्याच्या बऱ्याच खाली. पाद्री येऊन घर मंतरून गेला तेव्हा त्या थांबल्या. नंतर कळलं की ते घर फेअरींच्या वाटेवर बांधलेलं होतं. गोष्ट जुनी, मेलेल्या माणसांची, ऐकीव. कितव्यांदा तरी सांगितली जाणारी. फक्त एक घोळ होतो: सांगता सांगता लक्षात येतं की व्हॅलरीनं भाड्यानं घेतलंय ते हेच घर. फिनबारचा चेहरा पडतो.

इथं थोडं थांबायला हवं, कारण फेअरी म्हटलं की आपल्याला पंखवाल्या पऱ्या दिसतात. आयरिश खेड्यातले फेअरी तसे नाहीत. माणसाआधीपासून त्या जमिनीवर असलेले, जमिनीखाली राहणारे, सहज दुखावले जाणारे आणि दुखावले तर हिशेब चुकता करणारे असे ते अदृश्य लोक. कोकणात राखणदाराला नारळ दिल्याशिवाय जमिनीला हात लावत नाहीत, साधारण त्याच धाकाचा हा प्रकार. आयर्लंडभर शेतांमध्ये जुने गोल मातीचे बंधारे आहेत, हजारोंच्या संख्येनं. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं ती मध्ययुगाच्या सुरुवातीच्या वस्त्यांची कुंपणं. लोकांच्या लेखी ते फेअरींचे किल्ले आणि नांगर त्यांना वळसा घालून जायचा. नाटकात असा एक किल्ला ब्रेंडनच्या त्या वरच्या शेतातच आहे. हे सगळं केव्हाच संपलं असं समजू नका. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात नव्या महामार्गाच्या आड फेअरींचं मानलेलं काटेरी झाड आलं. एका कथेकऱ्यानं आवाज उठवला आणि ते झाड राखलं गेलं. त्याआधी १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सरकारी लोकसाहित्य आयोगानं देशभरातल्या शाळकरी पोरांना वह्या देऊन आपापल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून आणायला लावलं होतं. म्हणजे गोष्ट सांगणं हा या बारमधल्या चार बाप्यांचा विरंगुळा नाही, त्यांच्या घरात ती चालत आलेली विद्या आहे. नवख्या पाहुणीसमोर मिरवायला त्यांच्याकडं दुसरं आहे तरी काय?

दुसरी गोष्ट फिनबारची. नाइलाजानं, बाकीचे मागं लागले म्हणून सांगितलेली. शेजारच्या घरातली मुलगी मृतात्म्यांशी बोलायचा खेळ खेळते आणि मग तिला जिन्यावर एक बाई दिसायला लागते. त्याच रात्री फोन येतो: लहानपणी या भावंडांना सांभाळणारी म्हातारी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. इथवर गोष्ट शेजाऱ्यांची. पण फिनबार पुढं सांगतो की घरी आल्यावर तो जिन्याकडं पाठ करून शेकोटीसमोर बसला आणि मान वळवायची त्याची छाती झाली नाही. हातातली सिगारेट संपली तरी तो उठू शकला नाही. त्या रात्रीनंतर त्यानं सिगारेट सोडली आणि पुढं कॅरिकला राहायला गेला. पैसेवाला, रुबाबदार फिनबार गाव सोडून गेला तो महत्त्वाकांक्षेमुळं, असं सगळे समजत होते. या गोष्टीनंतर ते तितकंसं पटत नाही. एका रिकाम्या घरात एकट्या माणसाला बसवेना, एवढंच झालं असेल. कथानक म्हणून ही पाचांतली सगळ्यात ठोकळेबाज गोष्ट आहे. शेपटी मात्र जबरदस्त.

तिसरी जिमची, आणि ती अंगावर येते. तापानं फणफणलेला जिम मित्राबरोबर दुसऱ्या गावी कबर खणायला गेलेला, अंगात गरमी राहावी म्हणून गावठी दारू घेतलेली. एक माणूस येऊन त्याला सांगतो, तुम्ही चुकीची कबर खणताय, आणि दुसरी कबर दाखवतो. ती एका लहान मुलीची असते. नंतर जिम वर्तमानपत्रातला फोटो बघतो: आज पुरला तो माणूस हाच. पुढं कळतं, तो मुलांशी वाईट वागणारा म्हणून कुप्रसिद्ध होता. बारमध्ये एकदम शांतता पसरते. बाईमाणसासमोर हे काय सांगितलंस, अशा नजरा. जिमला ते कळतच नाही. मुळात तो बोलतो कमी, माणसांत वावरण्याची सवय कमी. गोष्ट कुठं थांबवायची याचं भान ज्याला संगत असते त्याला येतं. तरी बघा, आता आपण ‘कुणाच्या तरी आजीचं घर’ सोडून ‘मी स्वतः पाहिलं’ इथवर आलोय.

आणि मग व्हॅलरी म्हणते, मलाही एक सांगायचंय.

तिची छोटी मुलगी अंधाराला घाबरायची. खिडकीशी कुणीतरी आहे, भिंतीत कुणी ठोकतंय, जिन्यावरून कुणी येतंय, रस्त्यापलीकडं एक माणूस उभा आहे. मागच्या तिन्ही गोष्टींतल्या थापा, जिना, तो माणूस एका लहान पोरीच्या भीतीत एकत्र येतात. बाप्यांनी मजेखातर बाहेर काढलेली भुतं. ती मुलगी शाळेच्या पोहण्याच्या कार्यक्रमात बुडून गेली. काही महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला, लाइनवर दूरवर मुलांचे आवाज, आणि त्यात तिच्या मुलीचा: मी आजीकडं आहे, मला न्यायला ये. व्हॅलरी गाडी काढून गेली. नवऱ्याच्या मते तिला डॉक्टरची गरज होती. आता ती इथं आलीय, एकटी राहायला.

या गोष्टीइतकंच महत्त्वाचं आहे तिच्यानंतर बाकीचे काय करतात ते. पहिल्यांदा तिची समजूत घालायला सगळे धडपडतात. कुणी म्हणतं, स्वप्न असेल, धक्क्यात माणसाला काहीही वाटतं. मग ते आपल्याच गोष्टी मोडीत काढायला लागतात. थापा म्हणजे वारा असेल, जिन्यावरची बाई हा योगायोग, जिमला तर तापच होता. किती प्रेमळ आणि किती चुकीचं! तासाभरापूर्वी ज्या गोष्टींनी पाहुणीवर छाप पाडायची होती, त्या ते तिच्या समाधानासाठी फेकून देतात. तिला मात्र ते समाधान नकोय. फोन आला होता, एवढं तिला कुणीतरी मान्य करायला हवंय. त्यांच्या गोष्टी ऐकल्या म्हणूनच मला माझी सांगता आली, असं ती म्हणते. घरात आणि दवाखान्यात जे सांगितलं की आजार ठरतो, ते या बारमध्ये गोष्ट म्हणून मांडता येतं. नाटकाला एकटेपणाबद्दल जे म्हणायचंय ते बहुतेक सगळं या पंधरा-वीस मिनिटांत येऊन जातं.

सँडविच

फिनबार आणि जिम निघून जातात. उरतात जॅक, ब्रेंडन आणि व्हॅलरी. आणि आता जॅक पाचवी गोष्ट सांगतो, जी त्यानं बहुधा कुणालाच सांगितलेली नाही.

तरुणपणी त्याचं एका मुलीवर प्रेम होतं. ती डब्लिनला गेली, त्यानंही यावं असं तिला वाटत होतं. तो गेला नाही. का नाही गेला, याचं धड कारण त्याच्याकडं आजही नाही: हट्ट, आळस, जे आहे ते बरं आहे अशी समजूत. तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. जॅक त्या लग्नाला गेला आणि तिनं त्याच्याकडं इतर कुठल्याही पाहुण्याकडं बघावं तसं पाहिलं. तो बाहेर पडला, एका अनोळखी पबमध्ये शिरला. तिथल्या बारवाल्यानं त्याचा चेहरा बघून, ‘बरा आहेस ना’ एवढंच विचारलं आणि त्याला सँडविच करून दिलं. जॅकला त्या सँडविचनं रडू फुटायची वेळ आली.

एवढीच गोष्ट. भूत नाही, योगायोग नाही. पहिल्या गोष्टीत सहज शिव्या घालत, रंगवून बोलणारा हाच जॅक. आता त्याची वाक्यं आखूड होतात आणि मध्येच तुटतात. नाटकातला सगळ्यात झपाटलेला माणूस तोच निघतो: रोज सकाळी ती त्याच्या खोलीत असते, फक्त नावानं. माझ्या ओळखीतले नाटकवाले या भाषणाबद्दल बोलताना सँडविचवरच का थांबतात ते वाचल्यावर कळतं. बारवाल्याला गोष्ट माहीत नव्हती, त्यानं सल्ला दिला नाही. खायला दिलं.

तंत्र म्हणून यात गंमत आहे. मॅकफर्सनची आधीची नाटकं बरीचशी स्वगतांची होती: मोजकीच माणसं प्रेक्षकांकडं तोंड करून बोलतात. ‘द वेअर’मध्येही लांबलचक भाषणं आहेतच, पण ऐकणारे रंगमंचावर बसलेत. त्यामुळं प्रेक्षक बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडं जास्त बघायला लागतो. कोण ग्लास खाली ठेवतो, कोण नजर चुकवतो, कोण शेकोटीत लाकूड घालायला उठतो. कृती तिथं घडते. नटांना हे फार जड जातं म्हणतात, कारण वीस मिनिटं नुसतं ऐकायचं आणि त्या ऐकण्यात खोट दिसता कामा नये.

‘वेअर’ म्हणजे नदीवरचा बंधारा. बारच्या भिंतीवर १९५१ चा फोटो आहे, वीज महामंडळानं गावात बंधारा घातला तेव्हाचा. बंधारा पाणी अडवतो आणि मोजून सोडतो. माणसं दुःखाचं तेच करतात, असा अर्थ लावायचा मोह होतो आणि तो चूकही नाही. पण नाटक त्यावर बोट ठेवत नाही. फोटो भिंतीवर असतो, दोन वाक्यं होतात, पुढं जातात.

एक आक्षेप मात्र मला पटतो. व्हॅलरी जवळजवळ अख्खं नाटक ऐकत बसते, मग स्वतःची जखम दाखवते आणि तिच्यामुळं पुरुषांची मनं मोकळी होतात. जॅक, जिम, ब्रेंडन यांना घोडे, पैसे, बहिणी, रोजची कुरकुर असं सगळं आयुष्य मिळालंय. तिच्या वाट्याला एक मेलेलं मूल आणि एक तुटलेला संसार. चांगली अभिनेत्री ही उणीव भरून काढते, पण ती संहितेत आहे. जुन्या प्रयोगांपेक्षा आता ती जास्त जाणवते असं वाटतं. नाटकातली दुसरी एक गोष्टही आता जुनी झालीय: सगळे बारमध्ये बसून सिगारेटी ओढतात. आयर्लंडमध्ये मार्च २००४ पासून तसं करता येत नाही.

शेवटाकडं येताना एवढं सगळं बोलून झाल्यावर पात्रं काय बोलतात, तर ‘जर्मनां’बद्दल. दर उन्हाळ्यात परदेशी पर्यटक येतात, बार भरतो, ब्रेंडनला धंदा मिळतो आणि जॅकला त्यांचा वैताग येतो. ते आले की तो इथं फिरकत नाही म्हणे. व्हॅलरी म्हणते, मी असेन की तेव्हा. दिवे मालवता मालवता ब्रेंडनलाच शंका येते की ते नक्की जर्मनच आहेत की डेन्मार्कचे, की नॉर्वेचे. कुठले आहेत कुणास ठाऊक, असं म्हणत जॅक एक शिवी हासडतो आणि तिघं बाहेर पडतात.